हिरवा दिवा, तरीही खोकला

हे पत्र मुलुंडच्या एका वाचक ताईंचं आहे. नाव छापू नका म्हणाल्यात. जागेसाठी थोडं आटोपतं घेतलंय, शब्द त्यांचेच.

"काका, स. न. वि. वि. आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो, लिफ्ट नाही. समोरच्या सोसायटीचं रीडेव्हलपमेंट दीड वर्षापासून चालू आहे. मुलगी नऊ वर्षांची, तिला बालदमा आहे. एप्रिलमध्ये तिच्या खोलीत दीड टनाचा एसी घेतला. साध्या मॉडेलपेक्षा नऊ हजार जास्त मोजले, कारण यात हवेतले कण मोजणारा सेन्सर आहे. समोर आकडा दिसतो आणि दिवा लागतो, हिरवा, पिवळा, लाल. आता प्रश्न असा की रात्री झोपताना आकडा १५, दिवा हिरवा, आणि तरी पहाटे चारला ती खोकत उठते. थंडी आहे म्हणून एसी दहा ते बारा एवढाच चालतो, बाराला टायमरने बंद होतो. मग कोंदट वाटतं म्हणून मी खिडकी उघडते. उलट संध्याकाळी सासूबाईंनी हॉलमध्ये देवापुढे धूप लावला की पाच-दहा मिनिटांत खोलीतला दिवा लाल, आकडा तीनशेच्या वर, आणि मुलगी तिथेच अभ्यास करत असते, तिला काही होत नाही. ह्यांनी आईंना धूप बंद करायला सांगितलं, जरा आवाज चढवूनच. त्यांनी बंद केला. पण तेव्हापासून त्या तिन्हीसांजेला देवासमोर बसत नाहीत, गॅलरीत जाऊन बसतात. बोलत काहीच नाहीत. (त्यांनाही हल्ली जिना चढताना दम लागतो, पण पंचाहत्तरी आली, वयच झालं.) शिवाय फोनवर आमच्या भागाचा आकडा १५० दाखवतात तेव्हा आमचा एसी ४० दाखवतो. एसी खोटं बोलतोय का? दुकानदार म्हणतो, हॉललाही असाच घ्या. घेऊ का?"

ताई,

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण दुकानदाराचा फोन केव्हाही येईल. हॉलसाठी असा एसी घेऊ नका. का, ते पुढे येईलच. आणि एसी खोटं बोलत नाहीये. त्याला जेवढं दिसतं तेवढं तो सांगतो, आणि तो जागा असेपर्यंतच सांगतो. तुमच्या पत्रातली टायमरची ओळ मी दोनदा वाचली. बाराला एसी बंद होतो, म्हणजे बहुतेक मॉडेलांत सेन्सरही बंद होतो. मुलगी खोकते चारला. मधल्या चार तासांची हवा कुणी मोजलेलीच नाही. तुम्ही हिरवा दिवा पाहून झोपलात तो रात्री अकराचा होता.

आता त्या चार तासांत काय होतं ते बघा. शाळेत भूगोलात शिकलो होतो ते खारे वारे आणि मतलई वारे आठवतात ना? मुंबईत दुपारी समुद्रावरून वारा येतो आणि दिवसभराचा धूर-धुरळा ढकलून नेतो. रात्री तो पडतो किंवा उलटा फिरतो, जमिनीकडून समुद्राकडे, अगदी मंद. त्यात थंडीत जमिनीलगतची हवा गार पडते आणि तिच्यावर उबदार हवेचा थर झाकणासारखा बसतो. खालचं सगळं खालीच कोंडतं. नोव्हेंबर ते फेब्रुवारीत मुंबईची हवा दिवसातल्या दिवसात सगळ्यात वाईट असते ती उत्तररात्रीपासून सकाळी ऊन चढेपर्यंत. नेमक्या त्याच वेळी तुमची खिडकी उघडी. खोली दोन तास बंद ठेवून जे कमावलं ते बारानंतर खिडकीतून परत आत आलं.

दम्याचंही स्वतःचं घड्याळ असतं. पहाटे श्वासनलिका तशाही आकसलेल्या असतात, त्यामुळे दम्याच्या अनेकांना रात्रीचा त्रास होतो तो तीन ते पाचच्या दरम्यान. म्हणजे शरीराची वाईट वेळ आणि हवेची वाईट वेळ तुमच्या घरात एकत्र येतात. खोकल्याचं कारण एवढंच आहे असं मी इथे बसून म्हणणार नाही. मी यंत्रांचा माणूस, डॉक्टर नव्हे. पण रात्री झोपेतून उठवणारा खोकला म्हणजे दमा आटोक्यात नाही, हे कुठलेही छातीचे डॉक्टर सांगतील. ती कुठला पंप किती वेळा घेते, स्पेसर (पंपाला जोडायची नळी) लावून घेते का, रोजचा पंप 'बरं वाटतंय' म्हणून मधेच सोडला होता का, हे सगळं डॉक्टरांपुढे मांडा. एसीवर विसंबून ही भेट पुढे ढकलू नका.

आता तो सेन्सर.

जुन्या घरात दुपारी कौलातून कवडसा पडायचा आणि त्यात धुळीचे कण नाचताना दिसायचे. बाकी माजघर स्वच्छ वाटायचं, कवडशातच तेवढी धूळ. तुमच्या एसीत काडेपेटीएवढ्या डबीत तसाच एक कवडसा कोंडलेला आहे. लेझरचा किंवा साध्या इन्फ्रारेड दिव्याचा किरण, त्यातून हवा ओढायला बोटाच्या पेराएवढा पंखा (स्वस्त प्रकारात पंखाही नसतो, आतला एक छोटा रोधक तापतो आणि गरम झालेली हवा आपोआप वर सरकते), आणि बाजूला प्रकाश टिपणारा डोळा. कण किरणात आला की प्रकाश विखुरतो, डोळ्याला ठिणगी दिसते. अशा ठिणग्या मोजून आत बसलेली चिप अंदाज बांधते की घनमीटरभर हवेत इतके मायक्रोग्रॅम कण असतील. अंदाजच तो, कारण कणाचं वजन त्याला कळत नाही. कण कशाचा असावा हे कंपनीने आधीच गृहीत धरून ठेवलेलं असतं.

या कवडशाला सर्वांत छान दिसतो तो धूर. धुपाचा, अगरबत्तीचा, जळलेल्या फोडणीचा. धुराचे कण बहुतेक मायक्रॉनच्या (मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या) आतले, प्रकाश विखरायला अगदी मापाचे, आणि संख्येने प्रचंड. तुमची खोली दहा बाय बाराची आणि नऊ फूट उंच धरू. म्हणजे साधारण ३० घनमीटर हवा. तिथे आकडा १०० ने वाढवायला किती धूर लागतो? फक्त ३ मिलिग्रॅम. साखरेच्या मोजक्या दाण्यांइतकं वजन. म्हणून धूप लागला की दहा मिनिटांत लाल दिवा. त्यात नवल काही नाही.

आणि याला दिसत नाही ते? खिडकीच्या ग्रिलवर बोट फिरवल्यावर जी पांढरट भुकटी लागते ना, समोरच्या बांधकामाची, ती याला जवळजवळ दिसतच नाही. ते कण मोठे आणि जड असतात. छोट्या पंख्याने डबीत ओढले जाण्याआधीच ते खाली बसतात. गादी-उशीतल्या धूळकिड्यांचं तसंच. त्यांच्या विष्ठेचे कण दम्याला फार त्रास देतात, पण ते जड. गादीवर कूस बदलली की उडतात आणि थोड्या वेळात परत बसतात. एसी भिंतीवर सात फुटांवर, मुलीचं नाक उशीला टेकलेलं. तो तिच्या उशीची हवा मोजतच नाही. वायू तर कुठलेच नाहीत, ना नवीन रंगाचा वास, ना गाड्यांच्या धुरातले वायू, ना माणसांच्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड. तुम्हाला बारा वाजता जे कोंदट वाटतं ते बहुधा तेच आहे. बाहेरच्या हवेत तो दहा लाखांत सव्वाचारशे भागांच्या आसपास असतो, आणि दार-खिडकी लावून दोन-तीन माणसं झोपली की तो काही तासांत अनेक पट चढतो. स्प्लिट एसी बाहेरची हवा आत घेत नाही, खोलीतलीच फिरवतो. बाहेरच्या यंत्राकडे जाणाऱ्या तांब्याच्या नळ्यांतून हवा येते असा खूप जणांचा समज आहे. त्यातून गॅस फिरतो, हवा नाही.

एक गोष्ट मात्र याला नको तेवढी दिसते, ती म्हणजे वाफ. पावसाळ्यात हवेतले कण ओलावा पिऊन फुगतात आणि सेन्सरला मोठे वाटतात. जुलैत आकडा उगाच चढलेला दिसला, किंवा मुलगी गरम पाण्याने अंघोळ करून दार उघडून बाहेर आली आणि दिवा पिवळा झाला, तर घाबरू नका.

फोनवरचा १५० आणि एसीवरचा ४० यांचं भांडण तर भांडणच नाही. फोनवर असतो तो एक्यूआय, म्हणजे हवेचा निर्देशांक. एसीवर बहुधा थेट पीएम २.५ चे, म्हणजे अडीच मायक्रॉनपर्यंतच्या बारीक कणांचे, मायक्रोग्रॅम असतात (पुस्तिकेत एकक बघून घ्या). दोन्ही वेगळ्या मापाच्या पट्ट्या. आपल्या देशातल्या पट्टीवर पीएम २.५ चे ६० मायक्रोग्रॅम म्हणजे निर्देशांक १००, आणि ९० मायक्रोग्रॅम म्हणजे २००. म्हणजे फोनवरचा १५० हा पीएम २.५ मुळे असेल तर बाहेर साधारण ७५ मायक्रोग्रॅम. बंद खोलीत ४०. अगदी पटण्यासारखं! शिवाय सरकारी केंद्रं (तुमच्या मुलुंडलाही एक आहे) हवा आधी सुकवून मग मोजतात आणि निर्देशांक २४ तासांच्या सरासरीवर काढतात. तुमचा एसी या क्षणाचं सांगतो. आणि हो, ४० आकड्याला हिरवा दिवा लागत असेल तर त्यावर खूश होण्यासारखं नाही. आपल्या देशाची २४ तासांची मर्यादा ६० आहे, जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली ती १५ वर आणली. कंपनी हिरव्याची रेघ कुठे मारते ते कंपनीच ठरवते.

आता तुमचे नऊ हजार. मोजणं आणि गाळणं ही दोन वेगळी कामं आहेत, आणि दुकानात ती एकाच वाक्यात विकली जातात. तुमच्या एसीत जी धुऊन वापरायची नायलॉनची जाळी आहे ती केस, कापसाचे तंतू, जाडी धूळ अडवते, मुख्यतः एसीची कॉइल स्वच्छ राहावी म्हणून. तिच्यावर जो पातळ पट्टा खोचलेला असतो तो 'पीएम २.५ फिल्टर'. तो काही कण पकडतो, पण सगळे नाही, आणि बऱ्याचदा तो जाळीचा थोडाच भाग झाकतो. बाकीची हवा बाजूने निघून जाते. खरा हेपा फिल्टर, जो ०.३ मायक्रॉनचे दर दहा हजारांतले ९,९९७ कण अडवतो, तो स्प्लिट एसीत का बसवत नाहीत? कारण आतला पंखा म्हणजे ते लांबट जाळीदार नळकांडं, जे भरपूर हवा शांतपणे हलवतं पण जोर लावू शकत नाही. त्याच्यापुढे जाड, घडीघडीचा हेपा ठेवला तर हवाच येणार नाही आणि कॉइलवर बर्फ जमेल. माझी बत्तीस वर्षं औषध कारखान्यांच्या क्लीन रूममध्ये, म्हणजे गाळलेल्या हवेच्या खोल्यांत, गेली. तिथे हेपा असतो, पण त्याच्यामागे भिंतीएवढं यंत्र आणि दणकट ब्लोअर असतो.

माझ्या शब्दावर जाऊ नका, घरीच करून बघा. एसीने तुम्हाला मोजायचं साधन फुकट दिलंच आहे. मुलगी शाळेत असताना खोलीचं दार-खिडकी लावा, एसी नुसत्या फॅन मोडवर पूर्ण वेगात सोडा. आकडा लिहून ठेवा, समजा २०. एक अगरबत्ती लावा, आकडा १८० च्या आसपास गेला की ती विझवून बाहेर न्या, दार परत लावा. दोन-तीन मिनिटं धूर खोलीभर पसरू द्या. वाढ झाली १६०. ती निम्मी होते, म्हणजे आकडा १०० वर येतो, तिथपर्यंत किती मिनिटं लागली ते घड्याळ लावून बघा. साधारण आठ मिनिटं लागली तर खोलीतली हवा तासाला पाचदा गाळली जातेय, दम्याच्या मुलीच्या खोलीसाठी उत्तम. पंचवीस मिनिटं लागली तर तासाला दोनदासुद्धा नाही. मग तो पातळ पट्टा काढून दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच करा. दोन वेळांतला फरक जेवढा, तेवढं काम तुमचे नऊ हजार करतायत. प्रयोग झाल्यावर खिडकी उघडून खोली नीट हवेशीर करा, आणि मुलीला तासाभरानेच आत येऊ द्या.

माझा अंदाज, फरक बघून तुम्ही नाराज व्हाल. त्यापेक्षा मुलीच्या खोलीत एक साधा, हेपावाला एअर प्युरिफायर ठेवा. खोक्यावर सीएडीआर नावाचा आकडा असतो, तो तासाला किती घनमीटर स्वच्छ हवा देतो ते. ३० घनमीटर गुणिले पाच, म्हणजे १५० लागतो. पण हा आकडा पूर्ण वेगाचा असतो आणि पूर्ण वेगात ते यंत्र रात्री झोपू देत नाही, म्हणून २५० च्या आसपासचा घ्या आणि मधल्या वेगात चालवा. विकत घेण्याआधी त्याच्या बदली फिल्टरची किंमत विचारा. तो वर्षभरात, समोर बांधकाम असल्याने कदाचित लवकरच, बदलावा लागेल. त्यातही सेन्सर असेलच. असू द्या. त्यात 'आयन'चं बटण असेल तर ते बंद ठेवा, तुमच्या एसीतलंसुद्धा. काही आयनवाल्या यंत्रांतून थोडा ओझोन सुटतो आणि ओझोन दम्याच्या छातीला चालत नाही.

हॉलला तसला एसी का नको, ते आता वेगळं सांगायला नको. पण दुकानदार तुम्हाला कधीच सांगणार नाही असं एक कारण आहे. मुंबईची हवा वाईट असते थंडीत, आणि थंडीत आपण एसी फारसा लावतच नाही. एसी चालतो एप्रिल-मेमध्ये, नाहीतर ऑक्टोबरच्या उकाड्यात. जपानमध्ये भिंतीवरचं हेच यंत्र हिवाळ्यात खोली गरम करतं, त्यामुळे ते बाराही महिने चालू असतं. तिथे त्यात सेन्सर असणं समजू शकतो. आपल्याकडे चौकीदार ठेवायचा आणि चोरीच्या मोसमात त्याला रजा द्यायची, असा तो प्रकार. (घरात आहेच तर थंडीत फॅन मोडवर चालवा. छताच्या पंख्यापेक्षा जास्त वीज जात नाही.) हॉलला उन्हाळ्यासाठी एसी हवाच असेल तर साधा, चांगल्या स्टारचा घ्या. स्टार विजेचे असतात, हवेच्या शुद्धतेशी त्यांचा संबंध नाही.

रात्रीचा क्रम असा लावून बघा. खिडक्या दुपारी दोन ते चार उघडा, वारा चांगला असतो तेव्हा, आणि बांधकामाच्या विरुद्ध बाजूच्या. संध्याकाळनंतर मुलीच्या खोलीची खिडकी बंद ती सकाळी ऊन वर येईपर्यंत बंद. कोंदटपणा घालवायला रात्री खोलीचं दार घराच्या आतल्या बाजूने चारेक बोटं उघडं ठेवा. प्युरिफायर रात्रभर. गार हवेचा झोत सरळ तिच्या अंगावर येऊ देऊ नका. एसी लावलाच तर २५-२६ वर. चादरी-अभ्रे आठवड्याला ६० अंशांच्या गरम पाण्यात, उशांना घट्ट विणीची खोळ. पलंगावर मऊ खेळण्यांची जत्रा भरलेली असेल तर एक ठेवून बाकीची कपाटात. झाडू मारायच्या आधी ओलं फडकं, कारण कोरड्या झाडूने जी धूळ उडते ती तुमचा दिवा हिरवाच ठेवून तिच्या नाकात जाते. मच्छर अगरबत्ती लावत असाल तर आज बंद करा. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात डासांच्या एका कॉइलमधून ७५ ते १३७ सिगारेटींइतके पीएम २.५ बाहेर पडलेले मोजले होते. जाळी लावा, मच्छरदाणी लावा.

एसीची जाळी पंधरा दिवसांनी नळाखाली. एसी सुरू करताना ओल्या गोणपाटासारखा वास येत असेल तर आत बुरशी धरली आहे, आणि बुरशीही दम्याला वाईट. सर्व्हिसवाल्याला नुसता फवारा मारून जाऊ देऊ नका. ड्रेन ट्रे आणि ब्लोअर दोन्ही धुवायला लावा. बंद करण्याआधी दहा-पंधरा मिनिटं फॅन मोडवर चालवलात तर आतली ओल सुकते. सेन्सरच्या डबीचं छोटं झाकण पुस्तिकेत दाखवलेलं असतं, ते दोन-तीन महिन्यांनी कोरड्या मऊ ब्रशने झटका, पाणी नको. त्याच्या डोळ्यावर धूळ बसली की तो काहीही बरळतो. आणि बाहेरच्या यंत्रावर कबुतरांनी घर केलं असेल तर ते आधी हलवा, सुकलेली विष्ठा फुफ्फुसांना फार वाईट.

समोरच्या बांधकामाचंही सोडू नका. ऑक्टोबर २०२३ मध्ये महापालिकेने नियम काढले: ७० मीटरपेक्षा उंच इमारत असेल तर प्लॉटभोवती ३५ फूट पत्रे, इमारतीला हिरवं कापड किंवा गोणपाट, पाण्याची फवारणी, मलबा झाकून नेणं. लहान जागेसाठी २५ फूट. तुमच्या सोसायटीच्या लेटरहेडवर फोटोंसकट महापालिकेच्या टी वॉर्डात (मुलुंडचा वॉर्ड) तक्रार द्या. एकट्याने देण्यापेक्षा दहा सह्यांची.

आता धुपाकडे येतो. मला खरं तर याच्यावरच लिहायचं होतं.

एका औषध कारखान्यात आमच्या एका खोलीत रोज दुपारी सव्वातीनला कण मोजणारं यंत्र ओरडायचं. तसल्या खोलीत घनमीटरभर हवेत अर्ध्या मायक्रॉनचे नि त्याहून मोठे कण ३,५२० च्या वर गेले की चालत नाही. तुमच्या-आमच्या घरात ते कोट्यवधी असतात. शोध घेतला तर कळलं, तीनच्या चहाच्या सुट्टीत एक ऑपरेटर बिडी ओढून येतो. बिडी ओढल्यानंतर बराच वेळ माणसाच्या श्वासातून धुराचे कण बाहेर पडत राहतात, ते खरंच आहे. झालं. गुन्हेगार सापडला. त्याला दुसऱ्या विभागात टाकलं, लोकांनी चिडवलं, तो बिचारा मान खाली घालून गेला. यंत्र महिनाभर गप्प राहिलं आणि मग पुन्हा सव्वातीनला ओरडायला लागलं. दाराच्या चौकटीचं रबर एका कोपऱ्यात फाटलं होतं, आणि सुट्टीनंतर दार सारखं उघड-मीट व्हायचं. बिडी हा भाग होता, मोठा भाग दाराचा होता. त्या माणसाला कुणी परत बोलावलं नाही. मीही नाही.

धूप निर्दोष आहे असं मी म्हणत नाही, ताई. तीनशेचा आकडा खरा आहे आणि तो धूर मुलीच्या छातीत रोज जाणं चांगलं नाही, तिला त्या क्षणी खोकला आला नाही तरी. पण पहाटे चारचा खोकला संध्याकाळी सातच्या धुपावर टाकून तुम्ही मोकळे झालात, आणि मधली उघडी खिडकी तशीच राहिली. धूप दिसतो, त्याला लावणारा हात दिसतो, म्हणून दिव्याने बोट दाखवलं की आपण तिकडेच बघतो. तुमच्या स्वयंपाकघरात मिरचीची फोडणी बसते तेव्हाही तो दिवा लाल होत असणार. फोडणी बंद करा असं तुमच्या यजमानांनी सांगितलं का?

देव्हारा गॅलरीच्या बाजूला हलवता येतो का बघा. नाहीच, तर समईत, निरांजनात तुपाची वात लावा. व्यवस्थित कातरलेली, वाऱ्यात न फडफडणारी वात धुपाच्या मानाने फारच थोडा धूर करते. धूप सणावारी, एक कांडी, तीही खिडकी उघडी, स्वयंपाकघराचा एक्झॉस्ट चालू आणि मुलीच्या खोलीचं दार अर्धा तास बंद. हे तुमच्या यजमानांनी आईंना स्वतः सांगायचं, आवाज न चढवता, आणि आधी चढवला होता त्याबद्दल दोन शब्द बोलून. तुम्ही मध्ये पडू नका. सुनेच्या तोंडून ते वेगळं ऐकू येतं.

आणि तुम्ही कंसात लिहिलेलं वाक्य. जिना चढताना दम लागतो, पण वयच झालं. सासूबाई पंचाहत्तरीच्या म्हणजे त्यांच्या तरुणपणी घरात गॅस होता का? चूल, शेगडी, रॉकेलचा स्टोव्ह, यांच्या पुढ्यात किती वर्षं गेली ते त्यांना विचारा. आपल्याकडे जन्मात बिडी-सिगारेट न ओढलेल्या बायकांना सीओपीडी (श्वासाच्या वाटा कायमच्या अरुंद होण्याचा आजार) होतो, आणि त्यामागे बहुतेक वेळा स्वयंपाकाचा धूर असतो. वर्षानुवर्षं तो वयाच्या नावावर खपतो. श्वासाची एक साधी तपासणी असते, स्पायरोमेट्री, नळीत जोराने फुंकायची. दहा-पंधरा मिनिटांचं काम. दम लागण्याची इतरही कारणं असतात, हृदयाची, रक्त कमी असण्याची, तीही डॉक्टर बघतील. मुलीला छातीच्या डॉक्टरांकडे नेणारच आहात, तर त्याच दिवशी यांचीही वेळ घ्या. रिक्षा एकच लागेल.

बाकी रिमोटवर 'लाइट' किंवा 'डिस्प्ले' असं एक बटण असतं. ते दाबलं की आकडा आणि दिवा दोन्ही विझतात, एसी चालूच राहतो. प्रयोगाच्या वेळी लावा. तिन्हीसांजेला बंद ठेवा.

तुमचा,
काका